नागपूरकरांनो, अधिवेशन लांबवा म्हणा

धानपट्ट्यातून

डिसेंबर लागला की नागपूरचे सोयरे बजावतात, ‘दवाखान्याचं काम असेल तर अधिवेशन आटोपल्यावर या.’ टेकडी रोडवर कठडे, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर पोलिसांची रांग, बर्डीवरचा दुकानदार अर्धं शटर पाडून बसलेला. तक्रार खोटी नाही. रुग्णवाहिका मोर्च्यात अडकली तर आतल्या माणसाला मागण्या रास्त असल्याचं समाधान पुरत नाही.

फक्त नागपूरकर ज्या गर्दीला बिचकतात, ती गर्दी बरीचशी आपली असते. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, सावली, पलीकडे गडचिरोली. धानाची चुरणी आटोपत आलेली, मंडई आणि नाटकांचा हंगाम सुरू झालेला, त्याच दिवसांत विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनासाठी सरकार सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर येऊन बसतं. एरवी ते मुंबईला असतं आणि तिथे भाकरी बांधून जाता येत नाही.

सरकारनं नागपूरला यावं हा कुणाचा उपकार नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात ते लिहिलेलं आहे. राजधानीचा मान सोडणाऱ्या शहराला आणि मुंबईशी जोडल्या जाणाऱ्या विदर्भाला दिलेलं ते आश्वासन होतं. आणि इथे आल्यावर सरकारला आपली आठवणही होते. धानाचा हेक्टरी १५ हजारांचा बोनस डिसेंबर २०२२ ला, २० हजारांचा २०२३ ला, दोन्ही घोषणा नागपूरच्या अधिवेशनातल्या. डिसेंबर २०१० मध्ये दारूबंदीसाठी ‘श्रमिक एल्गार’च्या पारोमिता गोस्वामींसोबत हजारो बाया चिमूरहून चालत निघाल्या, त्याही अधिवेशन गाठायलाच. समिती नेमली गेली, आणि १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात दारू बंद झाली. बंदी उठवण्याचा निर्णय झाला २७ मे २०२१ ला, मुंबईच्या मंत्रिमंडळ बैठकीत. तेव्हा पालकमंत्री आपलेच आमदार विजय वडेट्टीवार होते. बंदी चांगली की वाईट हा वाद निराळा. पण मुंबईतल्या त्या बैठकीवर चिमूरच्या बाया चालत कशा जाणार होत्या?

आता भीतीबद्दल. नागपूरच्या मोर्च्यात माणसं मेल्याची सगळ्यात मोठी घटना २३ नोव्हेंबर १९९४ ची. गोवारी समाज अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला आला होता. गुरं राखणारी माणसं, सोबत बायका आणि कडेवरची पोरं. दिवसभर बसून राहिले. निवेदन घ्यायला कुणी आलं नाही. संध्याकाळी रेटारेटी झाली, लाठ्या चालल्या, कठड्यांशी चेंगराचेंगरी झाली. ११४ जण मेले, त्यांत बायका-मुलंच जास्त. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचडांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी आयोग बसला, दोषी कुणीच निघालं नाही. पुढे सरकारनं विशेष मागास प्रवर्ग काढून दोन टक्के आरक्षण दिलं. मूळ मागणी २०१८ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मान्य केली आणि डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. झिरो माइलजवळ गोवारी स्मारक आहे, उड्डाणपुलालाही शहिदांचं नाव आहे. त्या पुलावरून जाताना मोर्च्यांना शिव्या घालणाऱ्यानं एवढं ध्यानात घ्यावं, की त्या दिवशी शहराचं कुणी काही लुटलं नव्हतं. मेले ते मोर्चेकरीच, आणि मेले ते ताटकळून.

म्हणून माझं म्हणणं नागपूरकरांना उलटं वाटेल. अधिवेशनाचा त्रास नको असेल तर ते लांबवायला सांगा. २०२४ चं अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, सहा दिवस. २०२५ चं ८ ते १४, सात दिवस. विदर्भाचं वर्षभराचं गाऱ्हाणं आठवड्यात कोंबलं तर एकाच दिवशी दहा मोर्चे एकाच चौकात येणार, रस्ते बंद होणार, आणि प्रत्येक मोर्च्याला साहेबांची पाच मिनिटं मिळणार. चार आठवडे बसा, गर्दी आपोआप पातळ होईल. २०२४ ला तर कहर झाला. १५ डिसेंबरला नागपुरात मंत्र्यांनी शपथ घेतली आणि खाती वाटली गेली २१ ला, अधिवेशन संपल्यावर. वाघाच्या हल्ल्यांचं निवेदन द्यायला आलेल्यानं वनमंत्री म्हणून कुणाच्या हातात कागद ठेवायचा?

शिस्तीत बसणाऱ्याला कुणी भेटत नाही, हे लोक शिकले आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडूंच्या कर्जमाफी आंदोलनानं नागपूर-वर्धा रस्ता अडवला. लोकांचे हाल झाले, उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेऊन संध्याकाळी सहापर्यंत रस्ता मोकळा करा म्हणून बजावलं. न्यायालयाचं बरोबरच होतं. पण त्याच दिवशी राज्यमंत्री आंदोलनाच्या जागी आले, दुसऱ्या दिवशी मुंबईत मुख्यमंत्र्यांकडे बैठक झाली आणि ३० जून २०२६ ची तारीख मिळाली. हे बघितलेला माणूस पुढच्या खेपेला यशवंत स्टेडियमवर चटई टाकून बसेल की रस्त्यावर ट्रॅक्टर लावेल?

गोंधळाच्या भीतीनं सभा हलवायचा प्रयोगही नागपुरानं पाहिला आहे. १९०७ चं काँग्रेस अधिवेशन इथेच व्हायचं होतं. जहाल-मवाळांच्या भांडणात इथल्या बैठका उधळल्या, तेव्हा ते सुरतेला नेलं. तिथे थेट मंचावर जोडा आला आणि काँग्रेस फुटली. म्हणजे गोंधळ रस्त्यावरच्याच माणसांनी घालायचा असतो असंही नाही.

आपणही साव नाही. मे २०२५ मध्ये आपल्या सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढामालच्या तीन बायका तेंदूपत्ता तोडताना वाघिणीनं एकाच दिवशी मारल्या. अशा वेळी गावं रस्त्यावर येतात. आणि मूल रोडवर एसटी अर्धा तास थांबली की आतून ‘यांना काही कामधंदे नाहीत’ म्हणणारा आपल्याच गावचा असतो. चीड दोन्हीकडे एकच आहे. ज्याच्यावर ती निघायला हवी तो मात्र कठड्याच्या पलीकडे, सभागृहात असतो.

नागपुरातल्या नागरिक मंचांनी आणि व्यापारी संघटनांनी येत्या डिसेंबरआधी दोन गोष्टी मागाव्यात. अधिवेशन किमान चार आठवडे. आणि रोज दुपारी एक मंत्री, खातं असलेला, टी-पॉइंटवर टेबल टाकून बसलेला, पोच देणाऱ्या कारकुनासह. बर्डीवरच्या दुकानदारानं ही मागणी केली तर तिच्यावर सह्या गोळा करायला सिंदेवाहीची माणसं येतील. नागभीड-नागपूरची छोटी गाडी रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ पासून बंद आहे, तेव्हा पहाटेच्या एसटीनं यावं लागेल. थोडा उशीर होईल.

— सिंदेवाहीकर