सफारीच्या वाटेवरची घरं

आमच्या भिशीला यंदा बारा वर्षं झाली. आधी साड्या, मग मिक्सर, मग चांदीची भांडी असं करत करत गेली काही वर्षं आम्ही भिशीच्या पैशातून सहली काढतो. गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनींनी चहाच्या कपाशेजारी एक गुळगुळीत माहितीपत्रक ठेवलं. ‘फक्त महिलांसाठी, टांझानिया, आठ दिवस’. माणशी तीन लाखांच्या आसपास. वर सिंहीण, खाली लाल चादर पांघरलेला उंच मसाई तरुण. क्षणभर कुणी बोललंच नाही. मग आमच्यातल्या निवृत्त शिक्षिका बाई म्हणाल्या, ‘‘अगं, पंचवीस वर्षं मुलांना गवताळ प्रदेश शिकवला. एकदा डोळ्यांनी बघून तरी येते!’’ झालं, ठरल्यातच जमा.

चौकशीचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. बचत गटाच्या कामामुळे मला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड आहे.

आधी सोप्या गोष्टी सांगते, कारण पुष्कळ मैत्रिणींना त्याच हव्या असतात. मार्च ते मे तिकडे मोठा पाऊस, तेव्हा नको. जून ते ऑक्टोबर कोरडा हंगाम. विल्डबीस्ट नावाच्या त्या दाढीवाल्या प्राण्यांचे कळप मारा नदी ओलांडतात, तो प्रसंग साधारण जुलैपासून पुढे, सेरेंगेटीच्या उत्तर टोकाला. त्यांची पिल्लं जन्मतात ती जानेवारी-फेब्रुवारीत, दक्षिणेकडच्या गवतात. व्हिसाला पन्नास डॉलर. विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर पिवळ्या तापाच्या लसीचा प्रश्न येतो. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीच्या पुढच्या बायकांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारून घ्यावं.

आणि हो, प्लास्टिकच्या पिशव्या! १ जून २०१९ पासून टांझानियात त्यांना बंदी आहे, आणि ती पाहुण्यांच्या सामानालाही लागू आहे. म्हणजे चिवडा, लाडू, दशम्या पिशव्यांत बांधून नेण्याची आपली पद्धत तिथे चालायची नाही. डबे काढा. जेवणाची फार काळजी नको, तिथे चपातीला चपातीच म्हणतात आणि चहाला चाय. पण नात्यांचा मात्र घोळ आहे. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ आणि मामा म्हणजे आई! हे सांगितल्यावर आमच्या भिशीत दहा मिनिटं नुसता हशा चालू होता.

आता खर्चाचं. सेरेंगेटीत मुख्य हंगामात परदेशी माणसाला चोवीस तासांचे सत्तर डॉलर, वर अठरा टक्के कर. गोरोंगोरोला साठ डॉलर अधिक कर. तिथल्या प्रचंड विवरात गाडी उतरवायची तर दर गाडीला अडीचशे डॉलर, अधिक कर. म्हणजे २९५ डॉलर झाले. तीन लाखांतला मोठा वाटा असा सरकारी शुल्कातच जातो. ते जाऊ दे, जंगल राखायला पैसा लागतोच. पण माहितीपत्रकात चौथ्या दिवसाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मसाई गावाला भेट (ऐच्छिक, शुल्क वेगळे)’. त्या एका ओळीने मला वाचायला बसवलं.

मी काही परराष्ट्र राजकारणाची अभ्यासक नाही. माझे दिवस जातात ते तलाठी कार्यालयात, नाहीतर कुणाच्या तरी घरातलं भांडण मिटवण्यात. तिथे मी एकच प्रश्न विचारायला शिकले, घर कुणाच्या नावावर आहे? गोरोंगोरोबद्दल वाचतानाही मी तोच विचारत गेले.

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये झालं. तिथे गुरं चारणाऱ्या मसाईंना ब्रिटिश राजवटीने १९५९ मध्ये बाहेर काढलं आणि शेजारच्या गोरोंगोरोत राहू दिलं. माणूस, गुरं आणि रानटी जनावरं यांनी एकत्र राहायचं, असा तो त्या काळी वेगळाच प्रयोग होता. १९७९ मध्ये गोरोंगोरो जागतिक वारसा यादीत गेलं. १९५९ मध्ये तिथे आठ हजारांच्या आसपास माणसं होती, अलीकडे ती लाखाच्या घरात गेली. सरकार म्हणतं, माणसं आणि गुरं वाढली, गवत पुरत नाही, जनावरं अडचणीत येतात. हे म्हणणं अगदीच खोटं नाही. एवढ्या वाढलेल्या वस्तीचा भार कुठल्याही जमिनीवर पडतोच. म्हणून २०२२ पासून ‘स्वखुशीने’ स्थलांतराची योजना आली. सहाशे किलोमीटर लांब, हांदेनी जिल्ह्यात म्सोमेरा इथे तीन खोल्यांचं पक्कं घर आणि पाच एकर शेती.

कागदावर किती छान! आपल्याकडे ताडोबा-मेळघाटातली गावं उठली तेव्हाही कागद छानच होते. पण मसाईंचं घर म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. त्यांच्यात घर बाई बांधते. काटक्या रोवून, माती आणि शेण लिंपून, स्वतःच्या हातांनी. एका पुरुषाच्या दोन-तीन बायका असतील तर प्रत्येकीचं घर वेगळं आणि ते तिचं. गायीही ती पिळते, दूध कुणाला किती द्यायचं ते ती ठरवते, उरलेलं विकून येणारा पैसा तिच्या पदरात. गुरांचा मालक नवरा असला तरी दुधाचा हिशेब तिचा. आपल्याकडे म्हशीच्या दुधावर मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च काढणाऱ्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता नवी योजना कुटुंब मोजते, आणि कुटुंब म्हणजे कर्ता पुरुष. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जुलै २०२४ मध्ये यावर अहवाल दिला. नाव नोंदवताना बायकांना विचारलंच गेलं नाही, नवऱ्याने होकार दिला की झालं, अशा तक्रारी त्यात आहेत. बहुपत्नीक कुटुंबांचं काय, याला धड उत्तर नाही. एका घरात दोघी-तिघींनी राहायचं का, की एकीने मागे राहायचं? शिवाय म्सोमेरा काही रिकामं माळरान नव्हतं. तिथे आधीपासून राहणारी माणसं म्हणतात, ही जमीन आमची होती.

आणि जे जात नाहीत त्यांचं? त्याच अहवालात म्हटलंय, की गोरोंगोरोतल्या शाळा आणि दवाखान्यांचा पैसा आटवला गेला. एंडुलेनला मिशनचं जुनं रुग्णालय आहे, परिसराचा आधार. तिथल्या सेवा कमी केल्या गेल्या. जंगलातल्या वस्तीवर बाळंतपण अडलं तर काय होत असेल, हे पुरुषांनी लिहिलेल्या बातम्यांत एका ओळीत येतं. मी तिथे वाचायची थांबले. कुणाला हाताला धरून बाहेर काढायचं नाही, फक्त नळ बंद करायचा, दवाखाना बंद करायचा, मग माणूस ‘स्वखुशीने’ निघतोच की!

शेजारच्या लोलिओंडोत तर हेही सोंग नव्हतं. जून २०२२ मध्ये तिथली दीड हजार चौरस किलोमीटर चराई वेगळी काढून राखीव करण्यासाठी खांब रोवायला पोलिस आले. १० जूनला चकमक झाली. गोळीबार झाला, कित्येक गावकरी जखमी झाले, बाण लागून एक पोलिस मेला, आणि लोक मुलांना घेऊन सीमेपलीकडे केनियात पळाले. या भागात संयुक्त अरब अमिरातीतल्या एका कंपनीकडे १९९२ पासून शिकारीचे हक्क होते. म्हणजे गायीने गवत खाल्लं तर जंगलाचं नुकसान, आणि पैसे मोजून बंदुकीने सिंह मारला तर संवर्धन! सरकारची बाजू मी वाचली, पण हे कोडं मला सुटलं नाही.

मैत्रिणींनो, आणखी एक गोष्ट मला लागली. या देशाच्या अध्यक्ष एक बाई आहेत, सामिया सुलुहू हसन. मार्च २०२१ मध्ये आधीचे अध्यक्ष वारले आणि त्या आल्या, देशातली पहिली महिला राष्ट्राध्यक्ष म्हणून. मला तेव्हा किती आनंद झाला होता! एप्रिल २०२२ मध्ये पर्यटन वाढावं म्हणून त्यांनी स्वतः मार्गदर्शक होऊन काम केलेला माहितीपट न्यूयॉर्कमध्ये झळकला. पर्यटक वाढलेही, २०२४ मध्ये एकवीस लाखांवर परदेशी पाहुणे आले. पण माहितीपट झळकला आणि दोनच महिन्यांत लोलिओंडो घडलं. खुर्चीवर बाई बसली की बायकांचं दुखणं आपोआप कळतं, हा माझा भाबडेपणा आपल्या ग्रामपंचायतींनी अर्धा उतरवला होताच. उरलेला टांझानियाने उतरवला.

तरी ती माणसं गप्प बसली नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये गोरोंगोरोतली गावंच सरकारी यादीतून रद्द केल्याची सूचना निघाली. हजारो मसाई रस्त्यावर बसले, पर्यटकांच्या गाड्या अडल्या, आणि त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. आरुषाच्या उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. डिसेंबरमध्ये अध्यक्षांनी मसाई वडीलधाऱ्यांची भेट घेतली आणि जमीन व स्थलांतर यांवर दोन आयोग जाहीर केले. त्या रस्त्यावर बसलेल्या बायकांमुळे एवढं तरी झालं.

पुढे २९ ऑक्टोबर २०२५ ची निवडणूक आली. प्रमुख विरोधी नेते टुंडू लिसू राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात, आणि अध्यक्षांना सत्त्याण्णव टक्क्यांवर मतं. निदर्शनं झाली, गोळीबार झाला, माणसं मेली, इंटरनेट बंद, दार एस सलाममध्ये संचारबंदी. त्या दिवसांत आपल्या कुणाची लेक किंवा जाऊ तिकडे फिरायला गेली असती, तर इथे घरी जेवण गेलं नसतं. म्हणून तारीख ठरवताना नुसता पाऊस बघू नका, तिकडच्या निवडणुकाही बघा. प्रवास विमा घेताना दंगलीत सहल रद्द झाली तर पैसे मिळतात का, ते छापील कागदावर वाचा, तोंडी नको.

मग जायचंच नाही का? धाकट्या जाऊबाईंनी मला तोंडावर विचारलं, ‘‘ताई, तुम्ही सगळ्याच गोष्टीत दुःख शोधता. आयुष्यात एकदा निघालोय!’’ तिचंही खरं आहे. आम्ही नाही गेलो म्हणून कुणाचा दवाखाना सुरू होणार नाही. उलट तिथे तंबूत अंथरुणं घालणाऱ्या, भाजी पिकवणाऱ्या, मणी ओवणाऱ्या कितीतरी बायकांचं पोट या गाड्यांवर आहे. माझं मत विचाराल तर जावं. पण डोळे मिटून पैसे भरू नयेत.

मी सहल कंपनीच्या कार्यालयात फोन केला. तिथला मुलगा बोलायला गोड होता. विचारलं, मसाई गावाचं शुल्क कुणाच्या हातात पडतं? म्हणाला, ‘‘मॅडम, ते तिथला गाइड बघतो.’’ हीच तर जुनी तक्रार आहे. गाडीवाला आणि मध्यस्थ वाटा घेतात, घर बांधणारी आणि नाचून दाखवणारी बाई तशीच राहते. मी म्हटलं, त्यापेक्षा लेक मन्याराजवळ म्तो वा म्बू म्हणून गाव आहे, वाटेवरच पडतं. तिथे गावातलीच माणसं पाहुण्यांना पायी फिरवतात, जेवू घालतात. अर्धा दिवस तिथे ठेवता येईल का? आणि मण्यांच्या माळा हॉटेलच्या दुकानातून न घेता ओवणाऱ्या बाईकडून घेता येतील का?

शेवटचं विचारलं ते नदीकाठच्या गर्दीचं. जुलै २०२५ मध्ये सेरेंगेटीतलं एक चित्रण खूप फिरलं. गाड्यांतून उतरलेले पर्यटक नदीकाठी गर्दी करून उभे आणि बिचारी जनावरं पाण्यात उतरायला वाट शोधतायत. आमचा चालक गाडी मागे ठेवेल, हे लेखी द्याल का?

पलीकडे जरा शांतता झाली. मग म्हणाला, ‘‘असं आजवर कुणी विचारलं नाही मॅडम. साहेबांना विचारून सांगतो.’’

याला आज अकरा दिवस झाले. वहिनींनी पासपोर्टचे फोटो काढून आणलेत, निवृत्त बाई रोज नकाशा काढून बसतात. आगाऊ रक्कम आम्ही अजून भरलेली नाही. त्या मुलाचा फोन आला की भरायची की दुसरी कंपनी बघायची, ते पुढच्या भिशीला ठरेल.