विश्लेषण : दोन ‘बुटीक’ हॉटेलांतून एक निवडताना काय पाहावे?

नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावातून मुंबई पाहायला निघणारे कुटुंब पूर्वी नातेवाइकांकडे नाहीतर धर्मशाळेत उतरत असे. आता मोबाइलवर दोन ‘बुटीक’ हॉटेले समोर येतात. समजा, एक कुलाब्यातील जुन्या इमारतीत आहे, खोलीचा दर ७,६०० रुपये. दुसरे अंधेरीत, दर ७,४०० रुपये. छायाचित्रे दोन्हींची देखणी. शेतकरी किंवा शिक्षकाच्या घरात दोन रात्रींची ही रक्कम वर्षभर बाजूला काढून जमवलेली असते. त्यामुळे ही निवड केवळ छायाचित्रांवर सोडणे परवडणारे नाही.

‘बुटीक’ म्हणजे नेमके काय?

मोजक्या खोल्या, प्रत्येक खोलीची निराळी सजावट आणि पाहुण्यांकडे जातीने लक्ष, असा त्याचा ढोबळ अर्थ. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत तारे आहेत, ‘हेरिटेज’ हा वर्गही आहे आणि ही वर्गवारी ऐच्छिक आहे. ‘बुटीक’ हा मात्र दर्जा नसून जाहिरातीतला शब्द आहे. तो कोणीही पाटीवर लावू शकतो. त्यामुळे त्या शब्दासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

दोनशे रुपयांचा फरक बिलात किती होतो?

२२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणजे अंधेरीची खोली करासह ७,७७० रुपयांना पडते, तर कुलाब्याची ८,९६८ रुपयांना. दोनशेचा फरक एका रात्रीत १,१९८ रुपयांवर जातो. कर मात्र छापील दरावर नव्हे, प्रत्यक्ष आकारलेल्या रकमेवर लागतो. कुलाब्याच्या हॉटेलने शंभर रुपये कमी केले, तर बिल ७,८७५ रुपयांवर येते. हॉटेलला शंभराचा तोटा, कुटुंबाचे १,०९३ रुपये वाचतात. थेट फोन करून एवढे विचारायला संकोच कशाला?

जागा महत्त्वाची की खोली?

गेटवे ऑफ इंडिया, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जहांगीर कलादालन ही ठिकाणे कुलाब्यातून पायी गाठता येतात. अंधेरीहून त्यासाठी रोज चर्चगेटची लोकल आणि परतीची गर्दी आली. नातेवाईक उपनगरात असतील किंवा विमान पकडायचे असेल, तर अंधेरीच सोयीची. जुन्या इमारतीत लिफ्ट आहे का, खोलीला खिडकी आहे का, हे आजी-आजोबा सोबत असताना आधी विचारलेच पाहिजे. रात्रीच्या गाडीने सुरतमार्गे निघालेले कुटुंब पहाटे मुंबईत उतरते; खोली मात्र बहुधा दुपारी मिळते. तोवर सामान ठेवू देतील का, लवकर प्रवेशाचे पैसे किती, हेही विचारावे.

‘शेवटची एकच खोली शिल्लक’ हे खरे मानावे का?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी १३ प्रकारचे ‘डार्क पॅटर्न’ अनुचित ठरवले. खोटी घाई लावणे, आधी कमी दर दाखवून शेवटी रक्कम वाढवणे, न मागता विमा वा देणगी जोडणे हे त्यातलेच प्रकार. सेवाशुल्कही सक्तीने लावता येत नाही. प्राधिकरणाची ती मार्गदर्शक तत्त्वे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कायम ठेवली. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

मग निवडावे कोणते?

दक्षिण मुंबई पाहायची असेल, लिफ्ट असेल आणि दर ७,५०० रुपयांच्या आत बसत असेल, तर कुलाबा. यातली एक अट जरी मोडली, तरी अंधेरीचा विचार करावा आणि त्यात कमीपणा मानू नये. मात्र पैसे भरण्यापूर्वी करासह अंतिम रक्कम, न्याहारी, जादा गादीचे शुल्क आणि रद्द केल्यास परतावा, या चार गोष्टी दोन्हीकडून लेखी मागवाव्यात. लेखी उत्तर देणारे हॉटेल पाहुण्याची कदर करते, हे तिथेच कळते. उत्तर टाळणाऱ्याकडे खोली कितीही सुंदर असली, तरी वर्षभराची बचत तिथे ठेवू नये.