रंग द्यायचा की गिलावा काढायचा? आधी भिंत ठोकून बघा

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा झाली. विषय एकच. इमारतीला बाहेरून नुसता रंग द्यायचा, की जुना गिलावा उतरवून नवा करायचा? साडेतीन तास भांडलो, दोनदा चहा झाला, निर्णय झाला नाही. डोंबिवली, ठाणे, मुलुंड, कुठेही तीस वर्षांच्या इमारतीत राहणाऱ्याला ही सभा वेगळी सांगायला नको. तरी लिहितोय, कारण यात माझीही एक चूक आहे.

इमारत 1993 ची. तळमजला अधिक चार, 24 फ्लॅट. 2016 साली मी कमिटीत होतो आणि तेव्हाही हाच प्रश्न होता. मी रंगाच्या बाजूने हात वर केला होता. स्वस्त होतं, गणपतीआधी उरकणार होतं. कंत्राटदाराने भेगांत पुट्टी भरली, वर दोन हात मारले. फिकट पिवळा आणि चॉकलेटी पट्टा. फोटो काढून ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी अंगठे दिले. तिसऱ्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर फोड आले, पाचव्यात पोपडे पडायला लागले. आणि गेल्या जुलैत दुसऱ्या मजल्याच्या छज्जाचा परातीएवढा तुकडा खाली उभ्या असलेल्या स्कूटरच्या सीटवर पडला. स्कूटरवर कोणी नव्हतं, एवढंच.

त्या तुकड्याच्या आतल्या बाजूला सळईचा ठसा होता, गंजाने तांबडा. तो अजून सोसायटीच्या ऑफिसात टेबलाखाली ठेवलाय.

झालं काय होतं, ते नंतर ऑडिटला आलेल्या इंजिनिअरने समजावलं. काँक्रीट आतून अल्कधर्मी असतं, त्यामुळे त्यातली सळई गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत जातो, भेगांतून तर जास्तच, आणि तो अल्कधर्मीपणा संपतो. मग ओल आली की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं आणि त्यावरचा गिलावा सुटतो. आपल्याला दिसते ती शेवटची पायरी. आम्ही 2016 साली त्या शेवटच्या पायरीलाच पिवळा रंग दिला होता.

त्याने आमच्यासमोर एक चाचणी केली. कॉलमचा छोटा टवका काढला आणि ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण मारलं. काँक्रीट धड असेल तर गुलाबी होतं, नाहीतर रंगच येत नाही. जिन्याजवळचा कॉलम मस्त गुलाबी झाला. पश्चिमेकडचा सळईपर्यंत तसाच राखाडी राहिला. शेडकार्ड घेऊन बसलेले आमचे दोन सभासद त्यानंतर जरा गप्प झाले.

आता दुसरी बाजू. मी लगेच "सगळा गिलावा काढा" असं म्हणणाऱ्यांतलाही नाही. आमच्याकडे दोन कोटेशन होती. नुसता रंग 12 लाख, संपूर्ण गिलावा काढून नवा करून रंग 36 लाख. म्हणजे घरटी 50 हजार की दीड लाख. एक निवृत्त काका उभे राहिले आणि म्हणाले, "पेन्शन 19 हजार आहे, दीड लाख आणू कुठून ते तेवढं सांगा." त्यांना "सुरक्षितता महत्त्वाची" असं ऐकवणं सोपं आहे. ऐकवणाऱ्याचा मुलगा बहुतेक वेळा अमेरिकेत असतो.

पण हे दोनच पर्याय आहेत हे सांगितलं कोणी? कंत्राटदारांनी. एकाला लवकर मोकळं व्हायचंय, दुसऱ्याला चौरस फूट वाढवायचेत. इंजिनिअरच्या माणसाने मात्र परांचीवर चढून हातोडीने भिंत ठोकत नेली. खणखणीत आवाज आला तिथे गिलावा धरून आहे, बद्द आवाज आला तिथे सुटलाय, खडूने गोल करा. दोन दिवसांत नकाशा तयार. साधारण एक तृतीयांश भिंत बद्द निघाली आणि त्यातली बहुतेक दोन ठिकाणी होती: पावसाचा मारा खाणारी पश्चिम बाजू आणि संडास-बाथरूमच्या पाइपांची डक्ट. पूर्वेची भिंत अजून दहा वर्षं काढेल. फक्त बद्द भाग उतरवायचा, गंजलेल्या सळया उघड्या करून घासून गंजरोधक लावायचा, पॉलिमर मॉर्टरने भरायचं, डक्टमधले गळके पाइप बदलायचे, भेगेतला पिंपळ मुळासकट काढायचा आणि मग सगळीकडे रंग. हे 21 लाखांत बसतंय. पाइप न बदलता नवा गिलावा केला तर तोही आतून भिजणार. आणि नव्या गिलाव्याला पाणी मारून, तो नीट सुकेपर्यंत थांबायला हवं. म्हणजे काम दिवाळीनंतर सुरू करायचं. गणपतीआधी उरकायचा हट्ट इथे सोडावाच लागेल.

हप्त्यांत घेतले तर काकांनाही झेपेल. हिशोब तसा मांडलाय.

खरं दुखणं पैशाचं आहे आणि ते आमच्या एकट्याचं नाही. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के. बांधकाम खर्च कुठला? तर बांधताना झालेला. आमच्या फ्लॅटचा तेव्हाचा बांधकाम खर्च दोन लाख धरा. दोन्ही मिळून वर्षाला दोन हजार, तीस वर्षांत व्याज सोडून 60 हजार. तेही मधे एकदाही पंप जळला नाही, टाकी फुटली नाही, असं धरून! 1993 च्या भावाने गोळा करायचं आणि आजच्या भावाने गवंड्याला द्यायचं. "किमान" हा शब्द आपण सगळ्यांनी "कमाल" असा वाचलाय. सर्वसाधारण सभेला हा दर वाढवता येतो. वाढवत नाही, कारण मेंटेनन्स वाढवणारा सेक्रेटरी पुढच्या वेळी निवडून येत नाही.

दुसरं, ऑडिट. उपविधी सांगतात की 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करा. आमचं पहिलं ऑडिट छज्जा पडल्यावर झालं. अनेक ठिकाणी होतं, पण अहवाल कपाटात जातो, कारण "फ्लॅटचे भाव पडतील". माझं मत स्पष्ट आहे. अहवालाचा सारांश नोटीस बोर्डावर लागलाच पाहिजे आणि फ्लॅट घेणाऱ्याला तो मागण्याचा कायदेशीर हक्क हवा. मी स्वतः फ्लॅट घेताना तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. टाइल्स बघितल्या.

आणि ते रामबाण वाक्य: "रिडेव्हलपमेंट येतंय, कशाला खर्च?" 2019 च्या शासन निर्णयाने संमती 51 टक्क्यांवर आली, हे खरं. आमच्याकडे तेव्हापासून तीन बिल्डर येऊन बिस्किटं खाऊन गेले. रस्ता अरुंद, गणित बसत नाही. तोवर सहा पावसाळे त्याच छज्जावर पडले. बिल्डरशी करार होऊन इमारत रिकामी व्हायची तारीख ठरली असेल तर थांबा, धोकादायक भाग तेवढा काढून घ्या. तारीख नसेल तर ते येणं धरूच नका.

येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. या वेळी शेडकार्डऐवजी खडूचा नकाशा झेरॉक्स करून प्रत्येक खुर्चीवर ठेवणार आहे, आणि टेबलाखालचा तो तुकडा वर.