शाळा गावाबाहेर नेऊ नका

जुने सरकारी हायस्कूल मोडकळीस आले की नव्या इमारतीचा ठराव होतो, आणि त्याबरोबर एक सूचना हळूच पुढे सरकते: शाळा गावाबाहेर प्रशस्त जागी न्यावी. गावातल्या जागेला सोन्याचे मोल आले आहे, हे मात्र त्या सूचनेत लिहिलेले नसते. असा ठराव हाती घेणाऱ्यांनी अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या लिंकन हायस्कुलाकडे एकवार पाहावे.

१८६९ साली स्थापन झालेली ही सार्वजनिक शाळा १९५२ पासून शहराच्या ऐन मध्यावरील इमारतीत भरत असे. नागरिकांनी २०१७ साली शाळांच्या उभारणीसाठी ७९ कोटी डॉलरांच्या कर्जरोख्यांस मतदानाने संमती दिली. लिंकनचा त्यात समावेश होता. जुन्या इमारतीत वर्ग चालूच ठेवून आवारातील क्रीडांगणावर सहा मजली इमारत बांधण्यात आली; २०२२ साली मुले तिच्यात गेली; मग जुनी इमारत पाडून तेथे मैदान करण्याचे ठरले. शाळेचा एक दिवसही परक्या छपराखाली गेला नाही.

सहा मजले आम्हांस रुचत नाहीत. तास संपल्याची घंटा झाली की जिन्यावर काय गर्दी उसळते, हे ज्याने वर्ग घेतले आहेत त्यासच ठाऊक. मधली वर्षे मुलांना मैदानावाचून काढावी लागली, हीही लहान किंमत नव्हे. तथापि ती दिली गेली, म्हणून शाळा जागच्या जागी राहिली.

आपल्याकडे राजकोटचे आल्फ्रेड हायस्कूल पाहा. गांधीजी तेथे शिकले. ते २०१७ साली बंद झाले व २०१८ साली तेथे संग्रहालय उघडले. वास्तू जपली गेली याचा आनंदच आहे. पण वर्ग गेले. साताऱ्याच्या ज्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाळ आंबेडकरांचे नाव दाखल झाले, ती राजवाड्यात, म्हणजे भर गावात भरत असे. फी भरतानाच ज्यांची ओढाताण होते, त्यांच्या मुलांनी रोजचे बसभाडे कोठून आणावे?

म्हणून नव्या संकुलाचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी तो शाळेच्याच दिवाणखान्यात नव्हे, तर फाटकाशी, पालकांच्या दृष्टीस पडेल असा लावावा. शिक्षकांस व शिपायांस विचारावे. आणि नवे वर्ग भरू लागेपर्यंत जुन्या भिंतीस पहार लावण्याची परवानगी कोणासही देऊ नये.