घर राखायला नेहमी आजीच का?



सुट्टी लागली की घरोघरी पाहुणे येतात. मामा येतात, आत्या येते, त्यांची मुले येतात. एकदोन दिवस फराळात आणि गप्पांत जातात. तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणते, "चला, कुठेतरी जाऊन येऊ." मग ठिकाण ठरते, गाडीची वेळ ठरते, भाकरी किती थापायच्या तेही ठरते. शेवटी प्रश्न निघतो, "घरी कोण थांबणार?" प्रश्न विचारतात खरा, पण उत्तर कोणी शोधत नाही. ओट्यावर बसलेली आजी म्हणते, "जावा बाबांनो समदी. मी हाय की घरला." आणि आजी सोडून समदी जातात!

माझे मत असे आहे की, ही रीत बदलायला पाहिजे. सहलीला निघताना आजीआजोबांना आधी धरावे, मग बाकीच्यांना. घर राखण्याची पाळी सर्वांवर यावी. आता कोणी म्हणेल, "तू लहान आहेस, तुला घरातल्या अडचणी काय कळतात?" म्हणून मी मोठ्या माणसांची कारणे एकेक घेऊन त्यांचा विचार करणार आहे.

पहिले कारण तिकिटाचे. "एवढी माणसे, केवढा खर्च!" असे म्हणतात. आपण हिशेब करून पाहू. राज्य परिवहनाच्या, म्हणजे आपल्या एस.टी.च्या गाडीत ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांच्या पुढच्या माणसांना राज्यात फुकट प्रवास आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या माणसांना अर्धे तिकीट आहे. मार्च २०२३ पासून सर्व बायकांना आणि मुलींना अर्धे तिकीट झाले. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असतेच. आता आमच्या घरचे उदाहरण घ्या. गेल्या दिवाळीत आम्ही नऊजण निघालो. अण्णा आणि मामा यांची पूर्ण तिकिटे. आई, मामी, मी आणि मामांची दोन मुले अशी पाच अर्धी. धाकटा चार वर्षांचा, त्याला तिकीट नाही. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तिलाही पैसे नाहीत. एकूण साडेचार तिकिटे झाली. आता आजीला घरी ठेवा आणि पुन्हा हिशेब करा. साडेचारच! म्हणजे आजीला घरी ठेवून एक पैसा वाचत नाही. हे गणित चौथीच्या मुलालाही येईल.

या तिकिटावरून एक गंमत सांगते. वयाच्या पुराव्यासाठी आजीचे आधार कार्ड काढले, तेव्हा त्यावर जन्मतारीख होती १ जानेवारी. शेजारच्या आजींचीही १ जानेवारी. खालच्या आळीच्या आजोबांची मात्र १ जून. आम्हांला मोठे नवल वाटले. मग अण्णांनी उलगडा केला. जुन्या काळी जन्माची तारीख कोणी लिहून ठेवत नसे. जे शाळेत गेले त्यांची तारीख गुरुजींनी जून महिन्यातली टाकली, कारण शाळा जूनमध्ये भरते. जे शाळेतच गेले नाहीत त्यांना कार्ड काढताना १ जानेवारी मिळाली. आणखी मौज म्हणजे आपली एस.टी.सुद्धा १ जूनचीच आहे. पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर या गावांच्या दरम्यान धावली. हे ऐकून आजी म्हणाली, "मंग येष्टी माझ्यापरास धाकली हाय. तिनं मला फुकाट न्यायलाच पायजे!"

दुसरे कारण, म्हाताऱ्या माणसांना चालवत नाही. हे काही घरी खरे असते. पण मग ठिकाण तसे निवडावे. सहल म्हणजे महाबळेश्वर किंवा गोवाच पाहिजे असे कोठे लिहिले आहे? काखेत कळसा नि गावाला वळसा, असे आपले होते. आपल्या पारनेर तालुक्यातच निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. ते पाहायला लांबलांबची माणसे येतात. आपल्यातल्या कितीतरी मुलांनी ते अजून पाहिलेले नाहीत. तिथे मळगंगा देवीचे देऊळ आहे. ज्याला खाली कातळावर उतरवत नाही त्याने देवळापाशी सावलीत बसावे. कोणी उतरले तरी सांभाळून उतरावे. पावसाळ्यात पात्राच्या कडेला तर कोणीच जाऊ नये, कातळ निसरडा असतो आणि पाण्याला जोर असतो.

तिसरे कारण मला मुळीच पटत नाही. "तिला तिथे काय बघायचंय? तिला काय त्यातलं कळणार?" असे म्हणतात. आजीला काय कळते ते मी आता सांगते, कारण ते मी स्वतः ऐकले आहे.

आम्ही त्या दिवशी निघोजलाच गेलो होतो. आजीला मामांनीच आग्रह केला. "मावशी, तुम्ही येत नसाल तर मीही येत नाही," असे म्हणून ते ओट्यावर बसूनच राहिले. शेवटी आजीने नवे लुगडे काढले. गाडीत कंडक्टरांनी तिला शून्य रुपयांचे तिकीट दिले. तिने ते चारदा उलटसुलट करून पाहिले, विचारले, "फुकाट हाय तर बसायला जागा देशाल ना?" सगळी गाडी हसली. आजीने ते तिकीट चंचीत पानसुपारीबरोबर ठेवले. ते अजून तिथेच आहे.

नदीवर पोहोचलो. काळ्या कातळात लहानमोठे शेकडो खळगे. काही वाटीएवढे, काही रांजणाएवढे, काहींत तर उभा माणूस मावेल. आतून इतके गुळगुळीत की कुंभाराने फिरवून केले असावेत असे वाटते. मामांनी आम्हांला समजावून सांगितले. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस बाहेर आला आणि थंड होऊन हा दगड झाला. पुराच्या पाण्याबरोबर गोटे वाहत येतात. पात्रात कुठे खोलगट जागा असली की तिथे भोवरा होतो. गोटे त्यात अडकतात, गरगर फिरतात आणि कातळ घासत राहतात. खळगा खोल होतो आणि गोटेही झिजतात. असे हजारो वर्षे चालले, तेव्हा हे रांजण तयार झाले.

मामांचे बरोबर होते, पण मामांच्या धाकट्याला काही केल्या पटेना. तो म्हणाला, "पाणी तर मऊ असतं, दगड कसा झिजेल?" तेव्हा आजी म्हणाली, "आरं बाळा, जात्यात दळण दळतो तवा निस्तं दाणंच झिजत्यात व्हय? जातंबी झिजतं. गुळगुळीत झालं का मंग टाकी लावून घ्यावी लागती. पाणी म्हंजी निस्ता खुटा धरनारा हात. दगडाला दगडच खातोय. नदीनं हितं जातं मांडलंय." धाकट्याला एका क्षणात कळले. मलासुद्धा खरे तर तेव्हाच नीट कळले. आजी एक दिवसही शाळेत गेलेली नाही.

मग आजी एका सपाट कातळावर बसली आणि त्यावरून हात फिरवू लागली. म्हणाली, "ह्यो दगड माझ्या वळखीचा हाय." आम्हांला वाटले, ती थट्टा करते आहे. पण ती सांगू लागली. १९७२ च्या मोठ्या दुष्काळात विहिरी आटल्या, रान करपून गेले. सरकारने दुष्काळी कामे काढली. आजी तेव्हा पंचविशीत होती. ती रोज उन्हात बसून खडी फोडायची. कामावर खायला सुकडी मिळायची. हा काळा दगड एका घावाने फुटत नाही, हातोडी उलटी उसळते, कपच्या डोळ्यांत जातात. हातांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. "त्याच खडीचा रस्ता झाला," आजी म्हणाली, "तुमी ज्यावरनं साळंला जाता त्योच."

आम्ही सगळे गप्प झालो. अण्णा तिचा मुलगा, पण ही गोष्ट त्यांनीही पहिल्यांदा ऐकली. मी विचारले, "आजी, हे तू घरी कधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "घरला कोन इचारतंय? आन् मलातरी कुठं सवड हाय?"

मित्रांनो, माझे म्हणणे या एका वाक्यात आले. घरी आजीच्या हाताला काम असते आणि आपल्या कानाला फुरसत नसते. सहलीत दोन्ही मोकळी होतात. नवी जागा पाहिली की जुनी माणसे बोलू लागतात. तो दगड आजीने पाहिला नसता तर ती गोष्ट तिच्याजवळच राहिली असती. मग ती आपल्याला कोणी सांगितली असती? पुस्तकात दुष्काळाचे साल सापडते, पण आपल्या रस्त्याची खडी कोणी फोडली ते सापडत नाही.

परतताना आम्ही पूल पाहिला. नदीच्या या काठाला आपला पारनेर तालुका आणि पलीकडच्या काठाला पुणे जिल्ह्यातला शिरूर तालुका. आजी पूल ओलांडून पलीकडे गेली, दोन मिनिटे उभी राहिली आणि परत आली. म्हणाली, "झालं! बिनपैशाची पुन्याला जाऊन आले." ही गंमत ती अजून सर्वांना सांगते.

चौथे कारण म्हणजे, "ती स्वतःच नको म्हणते, आम्ही काय करणार?" हे खरे आहे, ती नको म्हणते. पण पंगतीत वाढताना पाहुणा पहिल्यांदा नकोच म्हणतो, म्हणून आपण ताट रिकामे ठेवतो का? दुसऱ्यांदा विचारतो, तिसऱ्यांदा आग्रह करतो. आजीला मात्र एकदाच विचारतात, तेही चपला घालता घालता. बसून, नीट आणि आदल्या दिवशी विचारावे. त्यानंतरही ती नको म्हणाली तर तिचे ऐकावे. आजारी माणसाला ओढून नेऊ नये, हेही माझे मत आहे.

पाचवे कारण सर्वांत अवघड आहे आणि ते मी नाकारत नाही. घरी गाय असते, शेळ्या असतात, कोंबड्या असतात. गुरांना पाणी दाखवायचे, संध्याकाळी धार काढायची, दूध डेअरीला घालायचे. घर कुलूप लावून बंद होते, गोठा होत नाही. मग करायचे काय?

याचे उत्तर आपल्या गावातच आहे. शेतात आपण सावड करतो. आज तुमच्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही. खुरपणीला, काढणीला सावड चालते, मग घर राखायला का चालू नये? दिवाळीत आमची गाय शेजारच्या काकींनी पाहिली. आठ दिवसांनी त्या सगळ्या जेजुरीला गेल्या तेव्हा त्यांच्या शेळ्या आम्ही पाहिल्या. दोन्ही घरच्या आजी जाऊन आल्या आणि गाईच्या दुधात काही फरक पडला नाही. सावड जमत नसेल तर घरातच पाळी लावावी. एका सुट्टीत काका थांबतील, दुसऱ्या सुट्टीत थोरला भाऊ थांबेल. ज्याच्या वाट्याला नेहमी जाणे येते त्याने एकदा थांबून पाहावे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. बरोबर नेले म्हणजे काम संपले असे नाही. निघोजला आम्ही सगळे खाली पळालो आणि चपला, पिशव्या, डबे आजीपाशी टाकले. आई म्हणाली, "अगं, म्हणजे चपला राखायलाही आत्याबाईच का? त्यांना खाली न्या, मी बसते." मग मामांनी एक हात धरला, मी दुसरा धरला, आणि म्हणूनच आजी त्या कातळापर्यंत पोहोचली. थोड्या वेळाने मामी वर गेली आणि आई खाली आली. आईचेही विसरू नका बरे का. आपण गाडीत खिडकीसाठी भांडतो तेव्हा ती पहाटे चारपासून चुलीपुढे असते. भाकरी तिने थापल्या तर शेंगदाण्याची चटणी आपण कुटावी, पाण्याच्या बाटल्या आपण भराव्यात. एवढे सातवीच्या मुलामुलींना सहज जमते.

पालकांनो, लहान तोंडी मोठा घास घेतला असे वाटले तर राग मानू नका. पण पुढच्या सुट्टीत माणसे मोजाल तेव्हा बोटावर पहिली आजी घ्या. आणि मित्रांनो, ज्यांच्या शेजारी गाय आहे त्यांनी आजच विचारून ठेवा, "काकी, तुम्ही कधी जाणार? तुमचा गोठा आम्ही बघतो."

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी