ठरलेली वेळ, उघडे दार

मराठीच्या प्राध्यापकाला विद्यार्थ्यापुढे 'नाही' म्हणणे जड जाते. त्याचे एक कारण आपल्या मनातल्या आदर्शात आहे. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवले आणि छात्रालयातल्या मुलांचे आईपणही केले. मात्र ते आईपण त्यांनी स्वतः पत्करले होते. ते प्रत्येक शिक्षकाचे नेमून दिलेले काम नव्हे, हे आपण विसरतो.

परभणीच्या महाविद्यालयांत जिंतूर, पाथरी, गंगाखेडकडची मुले एसटीने येतात. अनेकांच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच. शिष्यवृत्तीचा अर्ज, घरातले भांडण, बुडालेले सोयाबीन, पहिली कविता, हे सारे सांगायला त्यांना सरच जवळचे वाटतात. मोबाइल आल्यापासून या सांगण्याला वेळकाळ उरलेला नाही.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी मला रोज रात्री कविता पाठवी. मी अकरा वाजताही अभिप्राय देई आणि त्यात मलाही सुख वाटे. पुढे घरी आजारपण आले आणि मी उत्तरे देणे एकाएकी थांबवले; कारण सांगितले नाही. कविता वाईट म्हणून सर गप्प झाले, असा अर्थ त्याने लावला आणि तो मागच्या बाकावर जाऊन बसू लागला. माझी चूक मर्यादा घालण्यात नव्हती, ती न सांगता घालण्यात होती. शिवाय त्याची अंतर्गत गुणांची उत्तरपत्रिका मीच तपासणार होतो. ज्यांना माझा नंबर मागण्याचे धाडस झाले नाही, त्या मुलांचे काय, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनी सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आणि दररोज किमान ५ तास महाविद्यालयात उपस्थिती सांगितली. तेव्हा विद्यार्थ्याला भेटणे ही मेहेरबानी नव्हे, कामाचाच भाग आहे. त्याची जागा मात्र त्या तासांत असावी.

आता मी आठवड्यातून दोन दुपारी विभागात बसतो. वेळ ठरवताना एसटीचे वेळापत्रक पाहिले, कारण गाडी चुकली तर मुलीला घरी जाब द्यावा लागतो. कवितेवरचा अभिप्राय कागदावर, सर्वांना सारखा. रात्रीचा फोन केवळ जिवावरच्या संकटात. तेव्हाही घरच्यांना किंवा समुपदेशकाला सोबत घेऊन. हे सारे सत्राच्या पहिल्याच तासाला सांगतो. त्या विद्यार्थ्यालाही ते तसेच सांगायला हवे होते.