पाणी वरून आले. पण घरे कोणी बांधू दिली?

नगरसंस्थेची निवडणूक आली म्हणजे कृष्णा-पंचगंगेच्या काठी दोन गोष्टी हटकून घडतात. उमेदवार हात जोडून दाराशी येतो, ही पहिली. आणि त्याच दाराच्या चौकटीवर महापुराने ठेवलेली गढूळ रेघ दाखविताच जोडलेले हात सोडून तो ते वर करतो, ही दुसरी. पूर अलमट्टीने आणला, कोयनेच्या दरवाजांनी आणला, पाटबंधारे खात्याने आणला, अतिवृष्टीने आणला. आणला नाही तो फक्त आमच्या नगरपित्यांनी! या उत्तराने मतदारांचे समाधान होते, म्हणूनच ते पुनःपुन्हा दिले जाते. ते यापुढे होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख आहे.

घडले काय ते प्रथम आठवू. २००५, २०१९ आणि २०२१ असे सोळा वर्षांत तीन महापूर या प्रदेशाने पाहिले. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर चढले. सांगलीस आयर्विन पुलापाशी ती ४५ फूट आहे. त्या वेळी तेथे पाणी ५७ फुटांवर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली जाऊन कोल्हापूरची वाट कित्येक दिवस बंद राहिली. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पुरातून सुटण्यासाठी नावेत बसलेली माणसे नाव उलटून बुडाली. सांगलीच्या गणपती पेठेत आणि हरभट रस्त्यावर, तसेच कोल्हापूरच्या शाहूपुरीत, दुकानांतला माल दुकानांतच कुजला. ज्यांची वर्षाची उलाढाल त्या चिखलात गेली त्यांस आकड्यांची गरज नाही.

आता उमेदवारांचे पहिले उत्तर घेऊ. अलमट्टीचा प्रश्न खोटा आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० च्या निवाड्यात मुभा दिली, तेव्हापासून वरच्या अंगाच्या लोकांस वाटणारी धास्ती समजण्याजोगी आहे. परंतु २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र सरकारनेच नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने त्या पुराचे मुख्य खापर अलमट्टीवर फोडले नाही. थोड्या दिवसांत कोसळलेला विलक्षण पाऊस आणि पाण्याच्या वाटेतील अडथळे यांकडे तिने बोट दाखविले. नदीकाठच्या कित्येक जाणत्यांस हा निष्कर्ष मान्य नाही, हेही आम्ही जाणतो. तो वाद तज्ज्ञांनी खुशाल चालवावा. आमचा मुद्दा त्या वादाच्या निकालावर अवलंबून नाही. पाणी कोणाच्या दोषाने आले याचे उत्तर काहीही असो. ते ज्या जमिनीवर पसरले त्या जमिनीवर इमारती कोणाच्या आराखड्याने उभ्या राहिल्या?

येथे कायद्याकडे पाहिले पाहिजे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे पाणी, कालवे व बंधारे हा राज्याचा विषय आहे. आंतरराज्य नद्यांचे नियमन संसदेने हाती घेतले तर तेवढ्यापुरता तो केंद्राचा होतो. त्यात नगरसेवकाचे काही चालत नाही, हे कबूल. परंतु चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यातील पहिल्या दोन नोंदी नगररचना आणि जमिनीच्या वापराचे व बांधकामाचे नियमन या आहेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे ४१ वे कलम तर स्पष्ट सांगते की, आपल्या हद्दीतील बांधकामे आपत्तिनिवारणाच्या ठरविलेल्या मानकांस धरून होतात की नाही हे पाहणे हे स्थानिक संस्थेचे काम आहे. परवान्यावर सही प्रशासनाची असते, हा बचाव आम्हांस ठाऊक आहे. पण विकास आराखड्याचा मसुदा सभागृहापुढे येतो, आणि सभागृहात हात वर करणारे हे उमेदवारच असतात. सारांश, पाणी परक्याचे असेल. जमीन मात्र पालिकेच्या अखत्यारीतली आहे.

पूररेषांचा प्रकार पाहा. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा पाटबंधारे खाते आखते. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई, आणि निळ्या-लाल रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी, असा नियम आहे. व्यवहारात काय होते? आधी भराव पडतो, मग भिंत उठते, मग घरपट्टी लागते, मग नळ मिळतो. आणि घरपट्टीची पावती दाखवून जे बांधले ते नियमित करा अशी मागणी घेऊन तेच नगरसेवक पुढे होतात. यास ‘विकास’ हे नाव आहे! कोल्हापूरचा जयंती नाला आणि सांगलीचा शेरीनाला शहराचे पाणी नदीत नेण्यासाठी आहेत. नदी फुगली म्हणजे तिचे पाणी त्याच वाटेने उलटे शहरात शिरते. अशा नाल्यांच्या काठाशी लगट करून उभ्या केलेल्या इमारतींस विकास म्हणणे म्हणजे सुजेला बाळसे म्हणणे होय.

तथापि सारा दोष उमेदवारांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. पूररेषेतील भूखंड स्वस्त मिळतो म्हणून घेणारे आम्हीच. दुकानामागचा ओढा बुजवून गोदाम वाढविणारे आम्हीच. आणि रेषा आमच्या जमिनीवरून गेली की ती चुकीची आखली म्हणून ओरडणारेही आम्हीच. व्यापारी बंधूंनी आपल्या वहीत एकच हिशेब मांडून पाहावा: भरावाने मिळालेली चार खण जागा एका पारड्यात, आणि २०१९ ला गेलेला माल दुसऱ्यात. पुरानंतरचे सानुग्रह अनुदान हे दान आहे, भरपाई नव्हे. आणि ते ज्या तिजोरीतून येते ती आपल्याच करांनी भरते.

आता सहकार्याविषयी. सरकारासरकारांत बोलणी झाल्याने पुष्कळ लाभ होतो, यात शंका नाही. २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन जलसंपदामंत्री जयंत पाटील यांनी बंगळुरास जाऊन कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री येडियुरप्पा यांच्याशी धरणांच्या विसर्गाबाबत मेळ घालण्याची बोलणी केली, हे योग्यच झाले. परंतु पुढच्याच महिन्यात महाबळेश्वरी चोवीस तासांत पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि पूर आलाच. दोन राजधान्यांच्या सलोख्याने पाण्याची वेळ काही अंशी सांभाळता येते. पाण्याची जागा ज्याने त्याने आपल्या गावात राखावी लागते.

शिवाय सहकार्य म्हणजे केवळ मुंबई-बंगळूर नव्हे. कोल्हापूर महापालिका १९७२ साली झाली, आणि शहर व भोवतालची गावे यांचा हद्दवाढीचा तंटा पुढे दशकानुदशके चालत राहिला. त्याचे गुणदोष काहीही असोत, पंचगंगा हद्दीचा दगड पाहून थांबत नाही. वरच्या गावाने टाकलेला भराव खालच्या पेठेत पाणी चढवितो. महामार्गाच्या भरावांनी पाण्याची वाट अडते अशी तक्रार नदीकाठचे लोक करीत आले आहेत. तो महामार्ग केंद्राचा, नदी राज्याची, शेत ग्रामपंचायतीच्या हद्दीत आणि बुडणारे दुकान महापालिकेत! या चौघांस एका बैठकीस बसविणे हेच खरे सहकार्य, आणि ती बैठक मागण्याचा अधिकार ज्याचे बुडते त्याला सर्वांआधी आहे.

हा अधिकार बजावण्यास निवडलेली माणसे मात्र जागेवर हवीत. कोल्हापूरच्या नगरसेवकांची मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपली, निवडणूक वेळेवर झाली नाही, आणि २०२१ चा पूर आला तेव्हा शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. प्रशासकाने काम केले नसेल असे आम्ही म्हणत नाही. पण त्यास मत देऊन कोणी बसविले नव्हते, म्हणून मत काढून घेऊन कोणी जाब विचारू शकत नव्हते. स्वराज्याचा अर्थ दिल्लीपुरता नाही. आपल्या गटाराचा जाब आपल्या माणसास विचारता येणे, हाही त्याचाच भाग आहे.

म्हणून उमेदवार दाराशी आला म्हणजे त्यास अलमट्टीविषयी विचारू नये. ते तो न विचारता सांगेल. त्यास चारच प्रश्न विचारावेत. आपल्या प्रभागातून निळी रेषा कोठून जाते हे आपणांस ठाऊक आहे काय? २०१९ व २०२१ च्या पाण्याच्या खुणांशी ती रेषा पुन्हा पडताळून घ्या, असा ठराव आपण मांडाल काय? त्या रेषेच्या आतील नवा भराव, मग तो आपल्या पाठीराख्याचा का असेना, थांबविण्यास आपण उभे राहाल काय? आणि शेजारच्या गावांचे सरपंच, पाटबंधारे खाते व महामार्गाचे अधिकारी यांची बैठक पावसाळ्यापूर्वी दरवर्षी व्हावी म्हणून आपण धरणे धराल काय?

जो या प्रश्नांची उत्तरे देईल तो कोणत्या पक्षाचा हे पाहण्याचे कारण नाही. जो आकाशाकडे आणि कर्नाटकाकडे बोट दाखवील, त्यास चौकटीवरची ती रेघ दाखवावी आणि नम्रपणे नमस्कार करून निरोप द्यावा. नदी आपले पात्र मागावयास पुन्हा येणार, यात शंका नाही. तोपर्यंत ते तिला मोकळे करून द्यावयाचे, की आपली घरे व पेढ्या तिच्या स्वाधीन करावयाच्या, एवढाच निवाडा मतदारांच्या हाती आहे; आणि तो अलमट्टीत नव्हे, आपल्या प्रभागाच्या मतपेटीत व्हावयाचा आहे.